झेंडूच्या माळेखालची सुतळी

मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत गाद्यांची चळत लागलेली आहे आणि सगळ्यात वरच्या गादीवर हर्षल इंगोले छताकडे पाहत पडलाय. पोटात चार जिलेब्या, अंगात नवा कुर्ता, डोक्यावर जेल चोपडून उभे केलेले केस आणि मनात एक सुतळी.

सुतळीचं असं आहे. सकाळी चुलतबहीण केतकीचं लग्न लागलं. आता संध्याकाळी रिसेप्शन, आणि त्यात नवरानवरी स्टेजवर चालत येणार नाहीत. ती दोघं वरून, धुराच्या ढगातून, फुलांच्या पाळण्यात बसून खाली उतरणार आहेत. परतवाड्यात असलं काही पहिल्यांदाच होतंय, हे मोठेबाबांनी प्रत्येक पाहुण्याला हात धरून सांगितलंय. मोठेबाबा म्हणजे केतकीचे वडील, हर्षलचे थोरले काका, इंगोल्यांच्या घरातला शेवटचा शब्द. दुपारी फुगे बांधायला हर्षल शिडीवर चढला, तेव्हा त्याला दिसलं की पाळण्याचा हुक ज्या बोल्टवर तोललाय त्या बोल्टला नटच नाही. नटाच्या जागी सुतळीचे वेढे आहेत, आणि सुतळी दिसू नये म्हणून तिच्यावर झेंडूची माळ गुंडाळलीय.

"भाऊ, टेन्शन नका घेऊ," डेकोरेटर म्हणाला. "हत्ती बसला तरी काही होत नाही."

"हत्ती बसवून पाहिला का?"

"हत्ती कोण बसवते लग्नात?"

मग हर्षल मोठेबाबांकडे गेला. "मोठेबाबा, तो पाळणा जर का..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मोठेबाबांनी एक भुवई उचलली. "शुभ बोल," ते म्हणाले, आणि व्याह्यांकडे वळले.

इंगोल्यांकडे कार्याच्या दिवशी वाईट शब्द तोंडातून काढत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते आणि बोललेलं खरं होतं, यावर घरातल्या शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांचं एकमत आहे. गॅस संपला म्हणायचं नाही, गॅस वाढला म्हणायचं. मोठेबाबांच्या स्वतःच्या लग्नात भटारखान्याला आग लागली, तेव्हा आचारी मांडवात आला, हात जोडले आणि 'आत उजेड जरा जास्त झालाय' एवढंच बोलला होता. त्यातून हर्षल पडला घरातला विनोदी पोरगा. तो घाबरून काही सांगायला गेला, तर लोक गालात हसून पुढच्या वाक्याची वाट पाहतात.

म्हणून तो पडलाय. वर पंखा खट्, खट्, खट् करतोय. पाच मिनिटं डोळे मिटू, मग जाऊन नीट सांगू. कोणाला सांगू, ते झोपेत ठरवू. पंख्याचं खट् हळूहळू खाली येतं, कानातून घशात उतरतं, आणि तिथे त्याचं खक् होतं.

कोणीतरी त्याचे केस विंचरतंय. विंचरत नाही, चाळतंय. थंड बोटं एकेक बट उचलतात, मुळाशी पाहतात आणि बाजूला ठेवतात.

"मला उवा नाहीत," हर्षल म्हणतो.

"उवांसाठी कोण पाहते रे," इंदूआत्या म्हणते. "ओळख ठेवायला पाहतात."

ती उशाशी मांडी घालून बसलीय. कॉलेजात शिकवायला नेसायची तीच करडी साडी, बोटांना खडूची पूड. इंदूआत्या जीवशास्त्राची प्राध्यापक. सुट्टी लागली की दुर्बीण घेऊन मेळघाटात वानरांचे कळप पाहत बसायची, आणि सुट्टी संपली की लग्नाकार्यांतून त्याच नजरेने नातेवाइकांना पाहायची. दोन वर्षांपूर्वी ती वारली. हर्षलला हे लख्ख आठवतंय. पण मेलेल्या माणसाला तू मेलीयस असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, आणि आज तर कार्य आहे.

"तब्येत काय म्हणते?" तो जपून विचारतो.

"कोणाची?"

मानेपासून मनगटापर्यंत अंगावर सरसरून काटा येतो. आत्या तो काटा बोटाने चाचपून पाहते, बाजारात वाल पाहावेत तसा.

"छान आलाय," ती म्हणते. "हा फार जुना आहे, बरं का. अंगभर केस होते तेव्हाचा. भ्यालं की केस फुगायचे आणि माणूस होता त्यापेक्षा मोठा दिसायचा. केस गेले, फुगायची सवय राहिली."

"आता कोणासमोर फुगायचं?"

"चल, दाखवते."

गाद्यांच्या खोलीचं दार कॉलेजच्या प्रयोगशाळेत उघडतं. लांब टेबलं, फॉर्मॅलिनचा वास, फडताळात बरण्या. एका बरणीत शेपटीचं शेवटचं हाड आहे. एका बरणीत उचकी आहे, ती दर थोड्या वेळाने काचेला आपटते. तिसऱ्या बरणीत हर्षलच्या चार जिलेब्या आहेत, अजून गरम.

"चौथी काहून खाल्लीस?" आत्या विचारते. "भूक होती?"

"नव्हती."

"मग?"

"समोर होती."

"गोड म्हणजे वर्षातून एकदा मधाचं पोळं सापडायचं, तेव्हा दिसेल तेवढं खाऊन घ्यायचं. तुझ्या पोटाला अजून कोणी सांगितलं नाही, की आता कोपऱ्याकोपऱ्यावर हलवाई आहे." ती बरणीचं झाकण घट्ट करते. "ही सगळी दुकानं जुन्या मालावर चालतात रे. जिलेबी उचलणं, भिंतीकडे पाठ करून बसणं, मोठ्या माणसाने विनोद केला की हसणं. तुला वाटते तू ठरवतोस."

"मोठेबाबांचा विनोद कळला नाही तरी मी हसतो."

"सगळेच हसतात. त्यांचा विनोद कोणालाच कळत नाही."

शेवटच्या बरणीत काहीच नाही. रिकामी, काचेवर आतून वाफ. हर्षल वाकून चिठ्ठी वाचू लागतो, तशी आत्या ती बरणी फडताळावरून उचलते आणि पदराखाली घेते. इतक्या झटक्याने, की त्याला पहिल्यांदा तिचीच भीती वाटते.

"त्यात काय आहे?"

"माझं आहे," ती म्हणते. "वर बघ."

वर छत नाही. वर चिंच आहे, अख्ख्या कार्यालयाएवढी, आणि तिच्या फांद्याफांद्यांवर सगळे इंगोले बसलेत. ज्याचा जसा मान तशी त्याची फांदी. सगळ्यात वरच्या बेचक्यात नवरा-नवरीचा लाल सोफा आहे आणि त्यावर मोठेबाबा. त्यांच्या खाली व्याही, त्याखाली मामेमंडळी, त्याखाली ज्यांची नावं पत्रिकेत बारीक अक्षरांत छापलीत ते. अमरावतीचे जावई वेगळ्या फांदीवर तोंड फिरवून बसलेत, कारण फेटा बांधताना त्यांचा नंबर दुसरा लागला. उरलेले सगळे एकमेकांच्या पाठी खाजवताहेत. एक काकू दुसरीची पाठ खाजवते, मग वळून आपली पाठ पुढे करते. दुसरीने हात आखडला की पहिली ते चेहऱ्यावर दाखवत नाही, पण लक्षात ठेवते.

"आहेर," आत्या समजावते.

हर्षलला हसू येतं. मग त्याला आपल्या फांदीखाली गवत दिसतं, आणि हसू जिथल्या तिथे थिजतं.

गवत कंबरेइतकं उंच आहे, आणि ते लाल आहे, कार्यालयाच्या गालिच्यासारखं. त्यात काहीतरी चालतंय. गवत हलतं, थांबतं, पुन्हा हलतं. मग पाठ दिसते, पिवळी, काळ्या ठिपक्यांची, अगदी सावकाश. बिबट्या. त्याच्या डोक्याला कोणीतरी वरपक्षाचा गुलाबी फेटा बांधलाय. अंगावर अत्तर लावलंय, वास इथपर्यंत येतोय.

"आत्या."

"हं."

"ते कोणाकडून आलंय?"

"कोणी विचारलं नाही अजून."

सगळ्यात खालच्या फांदीला पाळणा टांगलाय. पाळण्यात केतकी बसलीय. हातभर मेंदी, नाकात नथ, पाय हलवत कोणाशी तरी हसत बोलतेय. पाळणा सुतळीवर आहे. बिबट्या पाळण्याच्या बरोब्बर खाली येऊन बसतो, पंगतीला बसावं तसा, आणि वर पाहतो.

हर्षल झाडाकडे पाहतो. आता कोणीतरी ओरडेल. एका मामाची नजर खाली जाते, मामाला दिसतं, मामा शेजारच्याकडे पाहतो. शेजारचा शांत आहे, म्हणून मामा शांत होतो. शेजारचा शांत आहे कारण मामा शांत झालाय. काकूला दिसतं. ती पदर सावरते आणि पाठ खाजवत राहते. एकेका इंगोल्याला बिबट्या दिसतो आणि एकेक इंगोले मोठेबाबांकडे पाहतो. मोठेबाबा भुवई उचलतात. बस्स. झाडावर इतकी माणसं आहेत आणि ऐकू येतंय ते फक्त नखांचं करकर.

"कॉल कोणी देत का नाही?" हर्षलचा आवाज चिरका निघतो. "वानरं देतात ना. तूच नेलं होतंस मला दाखवायला. एक खॉक् ओरडतं आणि सगळा कळप वर चढतो."

"तू दे की."

तो तोंड उघडतो. पोटात बर्फाचा गोळा बसतो. तोंडातून येतं, "जेवणं झाली का सगळ्यांची?"

झाडावर लोक हसतात.

"पुन्हा," आत्या म्हणते.

"मांडव छान झालाय."

पुन्हा हशा. बिबट्याही मान हलवतो.

"ओरडलास आणि बिबट्या नसला तर काय होईल?" आत्या विचारते. ती आता त्याच्या मागे आहे, बोटं पुन्हा त्याच्या केसांत.

"हसतील."

"मग?"

"मोठेबाबा बोलणार नाहीत माझ्याशी. कोणीच बोलणार नाही. कार्यात अभद्र बोलला म्हणून नाव होईल."

"आणि कळपाने टाकलेलं वानर किती दिवस जगते?"

हर्षलला हे माहीत आहे. मेळघाटात तिनेच दाखवलं होतं त्याला, दगडावर एकटं बसलेलं, मान सतत फिरवत राहणारं.

"म्हणून तुझा आवाज निघत नाही," आत्या म्हणते. "तुला बिबट्याचं भेव नाही. तुला त्या भुवईचं भेव आहे. पोटाला दोन्ही सारखीच वाटतात. फार जुनं पोट आहे ते, त्याला शिवी नको देऊ. पण एक सांग, खाली बसलंय त्याला भुवया आहेत का?"

तो खाली पाहतो. सुतळीचा एक पदर तुटतो. त्याचा आवाज येत नाही, फक्त झेंडूची एक पाकळी सुटून बिबट्याच्या फेट्यावर पडते.

फांदी आता फांदी नाही, प्लास्टिकची खुर्ची आहे. मोठेबाबांच्या नव्या घराची वास्तुशांत. पंगत बसलीय, हर्षलच्या हातात मठ्ठ्याचा जग आहे. हा दिवस त्याला माहीत आहे. त्याला पाय मागे घ्यायचेत आणि ते पुढेच पडताहेत, एकेका पानासमोर थांबत. मठ्ठा, मठ्ठा, मठ्ठा. रांगेच्या टोकाला इंदूआत्या बसलीय. पानाला हात लावलेला नाही. कपाळावर घाम आहे, डावा हात मांडीवर उताणा पडलाय, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

"आत्या, काय होतंय?" हर्षल विचारतो, तेव्हा विचारलं होतं तसंच.

ती वर पाहते. "मी काय म्हणाले होते?"

"म्हणालीस..." तो जग खाली ठेवतो. "म्हणालीस, मठ्ठ्यात मीठ कमी आहे."

"हं," आत्या म्हणते. "आयुष्यभर पोरांना शिकवलं, की ओरडणारं एक वानर कळप वाचवते. मला कळलं होतं रे. हात भरून आला तेव्हाच कळलं होतं, काय आहे ते. पण पंगत बसली होती. दादाने एवढं घर बांधलं. म्हटलं, लोक जेवून उठू देत."

लोक जेवताहेत. भुरक्यांचा, वाट्यांचा आवाज. तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पाहिलं तर ती हसते.

ती पदराखालून बरणी काढते. काचेवरची वाफ पुसते. "तोच कॉल आहे यात," ती म्हणते. "तेव्हाचा. निघालाच नाही."

ती झाकण फिरवते.

हर्षलला पळायचंय. आत्याच्या साडीचा करडा रंग तिच्या हातांवर चढतो, मानेवर चढतो, तोंड काळं पडतं, आणि त्या काळ्या तोंडातले डोळे मात्र तिचेच राहतात. ती तोंड उघडते. दात दिसतात, घसा दिसतो, आणि आवाज नाही. नुसता श्वास, थंड, मठ्ठ्याचा वास असलेला. ती पुन्हा उघडते. पुन्हा काहीच नाही. दोन वर्षं ती हेच करतेय, हे त्याला कळतं. ती त्याचे केस मुठीत धरते आणि त्याचं डोकं मागे वाकवते, पाळण्याकडे. दुसरा पदर तुटतो. केतकी हसतेय. बिबट्या उभा राहतो, अंग ताणतो, फेटा सारखा करतो.

"दे," इंदूआत्या बिनआवाजाची म्हणते.

तिसरा पदर.

"खॉक्," हर्षल म्हणतो, गादीत तोंड खुपसून.

तो उठून बसतो. कुर्ता घामाने पाठीला चिकटलाय. पंखा बंद आहे, खिडकीत संध्याकाळ आहे, आणि हॉलकडून बँडऐवजी ते दुसरं संगीत येतंय, सनई आणि ढोल एकत्र वाजवलेलं, जे फक्त पाळणा उतरण्यासाठी ठरवलं होतं.

हर्षल एका पायात चप्पल घालून पळतो.

हॉल भरलाय. स्टेजवर धूर सोडलाय. वर, छताजवळच्या अरुंद माचीवर पडदा सरकलाय आणि केतकी पाळण्यात बसतेय. नवरा शेरवानी सावरत एक पाय आत टाकतोय. झेंडूची माळ अजून जागेवर आहे. खालून ती फार सुंदर दिसते.

"थांबा," हर्षल म्हणतो. संगीत त्याच्या शब्दावरून गाडीसारखं जातं. तो स्टेजपाशी सोफ्यावर बसलेल्या मोठेबाबांना गाठतो. "मोठेबाबा, तो पाळणा. बोल्टला नट नाही."

मोठेबाबा त्याच्या डोक्याकडे पाहतात, एका पायाकडे पाहतात, आणि आजूबाजूच्या व्याह्यांकडे पाहून कसनुसं हसतात. "गंमत करते तो," ते व्याह्यांना सांगतात. मग भुवई वर जाते. "शुभ बोल."

हर्षलला वाटतं, आता आपण म्हणणार, मांडव छान झालाय. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा आहे. आणि मग टाळूवर, केसांच्या मुळाशी, एक थंड बोट टेकतं.

"खॉक्," तो म्हणतो.

आवाज त्याचा नाही. तो छातीच्याही खालून येतो, कोरडा, फाटलेला, बोलायला लागण्याच्या फार आधीचा. "खॉक्. खॉक्. खॉक्."

आधी पोरं थांबतात. मग काकवा. चमचे वाट्यांत थांबतात, फोटोग्राफर थांबतो, आणि ज्याला आजवर कोणी थांबवू शकलेलं नाही तो डीजेही बटण दाबतो. अख्ख्या हॉलच्या माना एकाच वेळी वर जातात. कोणी सांगितलेलं नाही, वर पाहा म्हणून. व्याही पाहतात, अमरावतीचे जावई रुसवा सोडून पाहतात, आणि मोठेबाबांची मान त्यांना न विचारता वर जाते. माचीवर नवऱ्याने आत टाकलेला पाय कधीच बाहेर घेतलाय आणि केतकीचा हात धरून तिला बाहेर ओढलंय. बाहेर येऊन तो विचारतो, "काय झालं?"

त्या शांततेत सगळ्यांना माळेतून डोकावणारी सुतळी दिसते.

मोठेबाबांनाही दिसते. कार्याचा दिवस आहे. त्यांच्या मिशा दोनदा हलतात.

"पाळण्याला," ते शेवटी म्हणतात, "जरा आराम करू द्या."

डेकोरेटरचा माणूस शिडीवर चढतो. तो माळ फक्त बाजूला करतो, फक्त बोटाने, आणि रिकामा पाळणा माचीवरून सुटून स्टेजवर येतो. त्या आवाजाने हॉलमधल्या प्रत्येकाची मान एकाच वेळी खांद्यांत जाते. धूर विरतो. खाली लोखंड, तुटलेली फळी आणि पिवळ्या फुलांचा ढीग, त्यात त्या लोखंडाचे काळे ठिपके. क्षणभर हर्षलला त्या ढिगाची पाठ हलल्यासारखी वाटते.

बोलायला परवानगी असलेला शब्दच कोणाला सापडत नाही. शेवटी एक काकू म्हणते, "फुलं ताजी होती पण."

मोठेबाबा हर्षलकडे येतात. भुवया जागेवर आहेत, खालचे डोळे मात्र नाहीत. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, आणि काढत नाहीत.

"तो आवाज," ते हळूच विचारतात. "कुठे शिकला?"

"आत्याने दाखवलं होतं. मेळघाटात."

मोठेबाबा मान हलवतात. "इंदूच्या वेळी..." ते म्हणतात, आणि पुढचं वाक्य कार्याच्या दिवशी बोलण्यासारखं नाही, म्हणून ते बाजूच्या खुर्चीत बसतात.

केतकी माचीच्या शिडीवरून शालू गुडघ्यापर्यंत धरून खाली येते. ती हर्षलसमोर उभी राहते, त्याला मारावं की मिठी मारावी हे ठरवत. मग तिची नजर त्याच्या डोक्यावर जाते आणि तिथेच थांबते.

"केस का बसवलेस?" ती म्हणते. "दुपारी तर काट्यासारखे उभे होते."

"कुठे बसवले?"

"हा भांग. उजवीकडून. असा तर आत्या पाडायची आपला, शाळेत जाताना."

हर्षल हात वर नेतो. जेलने उभे केलेले केस नाहीत. चपटे, सारखे चाळून दोन्हीकडे बसवलेले केस आहेत, आणि उजवीकडे, पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ. तो रेघेवरून बोट फिरवतो आणि हॉलच्या दिव्यांखाली धरून पाहतो.

बोटाला खडूची पूड लागलीय.